क्षमा करा, फिर्यादही करा



मी आनेकलहून बोलतोय. बंगळुरूच्या दक्षिणेला, तमिळनाडूच्या सीमेला टेकलेला हा तालुका. एका बाजूला जिगणी, बोम्मसंद्रचे कारखाने आणि दुसऱ्या बाजूला नाचणीची, तुतीची शेतं. इथे कन्नड, तेलुगू आणि तमिळ तर आहेतच, शिवाय ओडिशा, झारखंड, आसाम, मणिपूरहून पोटासाठी आलेली हजारो माणसं आहेत. त्यामुळे देशात कुठेही काही पेटलं की त्याची धग चार दिवसांत आमच्या चहाच्या टपरीपर्यंत पोहोचते. आजचा विषय मला इथे बसून जास्त कळला, असं म्हटलं तरी चालेल.

विषय आहे : दहशतवाद आणि राजकीय संघर्ष यांना ख्रिस्ती माणसाचं उत्तर काय असतं, आणि काय असावं?

मी मराठी ख्रिस्ती आहे आणि मी फौजी आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात आल्या की त्याला आयुष्यभर दोन प्रश्न विचारले जातात. मेसमधले मित्र विचारायचे, "तुमचा धर्म दुसरा गाल पुढे करायला सांगतो, मग तू बंदूक कशी उचललीस?" आणि उपासनेनंतर मंडळीतले लोक विचारायचे, "तुम्ही बंदूक उचललीत, मग शत्रूवर प्रीती करण्याबद्दल तुम्ही कसं बोलता?" गंमत अशी की दोन्ही बाजूंना वाटायचं, त्यांनी मला पेचात पकडलंय.

या पेचाचं उत्तर पवित्र शास्त्रात आहे. ते सोयीचं नाही, पण स्पष्ट आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेलं पत्र उघडा. बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की सूड स्वतः घेऊ नका, तो देवावर सोपवा, शत्रू भुकेला असेल तर त्याला खाऊ घाला. पान उलटलं की तेरावा अध्याय. तिथे तोच पौल म्हणतो की सत्ताधाऱ्याच्या हातात तलवार आहे ती उगाच नाही, वाईट करणाऱ्याला आवर घालायला आहे. दोन्ही गोष्टी लागून आल्या आहेत. बऱ्याच भांडणांचं मूळ असं आहे की एक माणूस फक्त बारावा अध्याय वाचतो आणि दुसरा फक्त तेरावा.

मी याचा अर्थ असा लावतो. सूड घ्यायचा अधिकार मला, माझ्या जातीला, माझ्या मंडळीला नाही. गुन्हेगाराला आवरायचं काम राज्याचं आहे, आणि तेही कायद्याच्या चौकटीत. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे सैनिक गेले तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. लोकांना धाक घालून लुबाडू नका आणि पगारात समाधान माना, एवढंच बजावलं. म्हणजे वर्दीला नकार नाही, पण वर्दीच्या आडून केलेल्या जुलमाला आहे.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. घटना सगळ्या आपल्याच काळातल्या आहेत, आणि सुरुवात आमच्या बंगळुरूपासून करतो.

साल २०००. ८ जूनला एकाच दिवशी आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि गोव्यातल्या चर्चमध्ये स्फोट झाले. कर्नाटकात वाडीला, गोव्यात वास्कोला. ८ जुलैला हुबळीच्या लूथरन चर्चमध्ये स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी, ९ जुलैला, बंगळुरूच्या जगजीवनराम नगरमधल्या सेंट पीटर अँड पॉल चर्चमध्ये. त्या काळाची हवा आठवा. दीडच वर्षापूर्वी ओडिशात स्टेन्स पितापुत्रांना जाळलं होतं. गुजरातच्या डांगमध्ये चर्चवर हल्ले झाले होते. त्यामुळे प्रत्येकाच्या मनात संशयित आधीच ठरला होता : हे काम हिंदुत्ववादी संघटनांचंच असणार. तसा समज व्हावा, अशीच योजना केलेली होती.

पण ९ जुलैच्याच रात्री मागडी रोडवर एक मारुती व्हॅन स्फोटात उडाली. स्फोटकं त्या व्हॅनमध्येच होती. आतले दोघं जागीच गेले, एक जखमी सापडला. त्या धाग्यावरून तपास दीनदार अंजुमन नावाच्या एका छोट्या पंथापर्यंत पोहोचला. २००१ मध्ये केंद्र सरकारने त्या संघटनेवर बंदी घातली आणि २००८ मध्ये बंगळुरूच्या विशेष न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवलं. हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात दंगल पेटवायची, हा या कटाचा हेतू होता.

आता विचार करा. ९ जुलैच्या दुपारी जगजीवनराम नगरातली तरुण पोरं काठ्या घेऊन शेजारच्या हिंदू वस्तीवर गेली असती, तर? बॉम्ब ठेवणाऱ्याचं काम आपण आपल्या हाताने पूर्ण केलं असतं. आणि व्हॅन उडाल्यावर, खरं कळल्यावर, तीच पोरं सगळ्या मुसलमानांवर धावली असती, तर? तेही तितकंच चुकीचं. दीनदार अंजुमनला मुख्य प्रवाहातले मुसलमान आपलं मानतही नव्हते. त्या दिवसांत बंगळुरूच्या ख्रिस्ती समाजाने निषेध केला, प्रार्थना केल्या, संरक्षण मागितलं, पण हात उचलला नाही. मी याला नुसता भाबडेपणा म्हणत नाही. फौजेच्या भाषेत सांगतो : लक्ष्याची खात्री झाल्याशिवाय गोळी सोडायची नाही. शत्रूने तुमच्यासाठी लक्ष्य मांडून ठेवलं असेल तेव्हा तर नाहीच नाही.

उलट उदाहरणही आपल्याच देशात आहे. २३ ऑगस्ट २००८ ला ओडिशाच्या कंधमाल जिल्ह्यात स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हत्या झाली. जबाबदारी माओवाद्यांनी घेतली. पण तोवर जमावाने दोष ख्रिस्ती लोकांवर टाकून मोकळा झाला होता. घरं जळली, चर्च जळली, माणसं मेली, हजारो लोक जंगलात आणि मग छावण्यांत गेले. तपास व्हायच्या आधी निकाल लागला की काय होतं, ते कंधमालने पाहिलं.

आणि आमच्या भागाने २०१२ चा ऑगस्ट पाहिला. आसामात कोक्राझारकडे बोडो आणि मुसलमान यांच्यात हिंसाचार झाला होता. इथे बंगळुरूत अफवा उठली की रमझान संपला की ईशान्येकडच्या लोकांवर हल्ले होणार. कुणी पाहिलं नाही, कुणी ऐकलं नाही, पण मोबाइलवर मेसेज फिरले. १५ ऑगस्टपासून हजारो मुलंमुली, सिक्युरिटी गार्ड, ब्युटी पार्लरमधल्या मुली, हॉटेलातली पोरं, सामान बांधून स्टेशनवर. रेल्वेला गुवाहाटीसाठी जादा गाड्या सोडाव्या लागल्या. सरकारने एका वेळी पाचापेक्षा जास्त एसएमएस पाठवायला बंदी घातली. आणि त्याच वेळी बंगळुरूच्या मुस्लीम संघटनांचे लोक स्टेशनवर जाऊन त्या पोरांना सांगत होते की जाऊ नका, आम्ही तुमच्यासोबत आहोत. जाणाऱ्यांमध्ये ख्रिस्ती बरेच होते. ज्यांना शत्रू म्हणून उभं केलं होतं, तेच थांबवायला आले होते.

म्हणून पहिलं उत्तर हे : घाईने शत्रू ठरवू नका. हा माझ्या मते ख्रिस्ती सद्गुण आहे, जरी धर्मोपदेशात तो फारसा सांगितला जात नाही. खोटी साक्ष देऊ नये, ही दहा आज्ञांमधली आज्ञा आहे. एखादा मेसेज खरा की खोटा हे न पाहता पुढे ढकलणं ही खोटी साक्षच आहे. फक्त साक्षीदाराच्या पिंजऱ्याऐवजी ती अंगठ्याने दिली जाते, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट क्षमेची. या शब्दावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

ग्रॅहम स्टेन्स ऑस्ट्रेलियाहून १९६५ मध्ये ओडिशात आले आणि बारिपदाला कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री क्योंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात ते आपल्या दोन मुलांसोबत गाडीत झोपले होते. फिलिप दहा वर्षांचा, टिमोथी सहा वर्षांचा. जमावाने गाडी पेटवली. तिघंही गेले. मागे राहिल्या पत्नी ग्लॅडिस आणि मुलगी एस्थर.

ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मात्र बरेचजण विसरतात. त्यांनी क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. त्यांनीही तो थांबवा असं म्हटलं नाही. सीबीआयने तपास केला. २००३ मध्ये मुख्य आरोपी दारा सिंगला फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. राज्याने आपलं काम राज्याच्या पद्धतीने केलं. आणि बाईंनी आपलं काम आपल्या पद्धतीने केलं : त्या लगेच मायदेशी गेल्या नाहीत, २००४ पर्यंत त्याच कुष्ठरोग्यांमध्ये राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे क्षमा कशाला म्हणायचं? तुम्ही माझं नुकसान केलंत, तरी मी तुमचा द्वेष पोसणार नाही, तुमच्या मुलाबाळांवर, तुमच्या समाजावर तो काढणार नाही, हे ठरवणं म्हणजे क्षमा. ही माझ्या मनातली गोष्ट आहे, ती मीच करू शकतो. पण दुसऱ्याच्या वतीने मी क्षमा करू शकत नाही. आणि जो माणूस उद्या दुसरं घर जाळू शकतो, त्याला मोकळा सोडायचा अधिकार मला नाही. म्हणून मी म्हणतो, क्षमा करा आणि फिर्यादही करा. फिर्याद मागे घेणं म्हणजे क्षमा, हे समीकरण चुकीचं आहे. कित्येकदा ती निव्वळ भीती असते आणि आपण तिला आध्यात्मिक नाव देतो.

श्रीलंकेचं उदाहरण याहून ताजं आहे. २१ एप्रिल २०१९, पुनरुत्थानाचा रविवार. कोलंबोचं सेंट अँथनी, नेगोंबोचं सेंट सेबॅस्टियन, बट्टिकलोआचं झायन चर्च आणि कोलंबोतली मोठी हॉटेलं. अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यात आमच्या बंगळुरू परिसरातले राजकीय कार्यकर्तेही होते. इथलं मतदान तीन दिवसांपूर्वी आटोपलं होतं आणि ते सुटीवर गेले होते. हल्लेखोर इस्लामी अतिरेकी होते. कोलंबोचे कार्डिनल माल्कम रंजित यांनी लगेच लोकांना आवाहन केलं की कायदा हातात घेऊ नका, मुसलमान शेजाऱ्यांवर हात टाकू नका. तरीही मे महिन्यात काही भागांत मुसलमानांची घरं-दुकानं फोडली गेली. तेव्हाही ते विरोधात उभे राहिले.

पण ते तिथे थांबले नाहीत. हल्ल्याची आगाऊ सूचना गुप्तचर यंत्रणांना मिळाली होती, मग कारवाई का झाली नाही, हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. पीडितांचे नातेवाईक आणि धर्मगुरू कोर्टात गेले. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना स्वतःच्या खिशातून दहा कोटी रुपये भरपाई द्यायला सांगितलं. शेजाऱ्याला अभय आणि सत्तेला जाब, ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली. मला वाटतं, बारावा आणि तेरावा अध्याय एकत्र वाचले की असं दिसतं.

आपल्या महाराष्ट्रात दहशतीचं रूप वेगळं होतं, पण उत्तर तेच होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना तुम्ही साहित्यिक म्हणून ओळखता. 'सुबोध बायबल'चे कर्ते, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण वसईचा माणूस त्यांना आधी ओळखतो तो हरित वसईच्या लढ्यासाठी. वसईच्या बागा, विहिरी आणि भातखाचरं बिल्डरांच्या घशात चालली होती, गुंडांची दहशत एवढी की तोंड उघडायला लोक घाबरत. तेव्हा एक धर्मगुरू रस्त्यावर उतरला. हरित वसई संरक्षण समितीत ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. मोर्चे, सभा, अर्ज, लेख, हीच त्यांची हत्यारं. झगा घातलेल्या माणसाने राजकारणात पडू नये, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण लोक भीतीने गप्प बसले असताना नुसता शांतीचा उपदेश करणं म्हणजे गुंडाची बाजू घेणं, हे फादरना कळलं होतं. जुलै २०२४ मध्ये ते गेले. हा वारसा फक्त वसईचा नाही, सगळ्या मराठी लोकांचा आहे.

तिसरी गोष्ट समेटाची. इथे मी थोडं माझ्या पेशाबद्दल बोलतो.

ईशान्येकडे बंडखोरीविरोधी मोहिमेत काम केलेल्या प्रत्येक कंपनी कमांडरला एक गोष्ट माहीत असते. नव्या गावात पोस्ट लावली की दोन माणसांना भेटायचं : लाल शालवाला गावबुढा आणि चर्चचा पाळक. नकाशा तुम्हाला टेकडी दाखवतो, गाव हे दोघं दाखवतात. माझ्यापुरता मी एक नियम ठेवला होता. अगदी गळ्याशी आल्याशिवाय रविवारी गावाला वेढा घालायचा नाही. त्यामागे भक्ती कमी आणि हिशोब जास्त होता. उपासनेतून बाहेर ओढून काढलेला माणूस पुढे कधीच तुमच्याशी खरं बोलत नाही.

फौज काय करू शकते? हिंसा दाबू शकते, वेळ मिळवून देऊ शकते. फौजेने मिळवलेल्या वेळेत शांतता पेरायचं काम दुसऱ्यांना करावं लागतं. नागालँडमध्ये ते चर्चने केलं. १९६४ च्या सुरुवातीला वोखा इथे नागा बाप्टिस्ट मंडळ्यांच्या अधिवेशनात शांतता मिशनची कल्पना पुढे आली. त्यात कोण होते पाहा : जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि मायकेल स्कॉट नावाचे अँग्लिकन धर्मगुरू. एक सर्वोदयी, एक राजकारणी, एक पाद्री. ६ सप्टेंबर १९६४ ला युद्धबंदी झाली. पुढे बोलणी फिसकटली, १९६६ मध्ये स्कॉटना देश सोडावा लागला, युद्धबंदीही टिकली नाही. म्हणून ते काम वाया गेलं का? ज्या गावांत दहा वर्षं रात्री दिवा लावायची सोय नव्हती, तिथे लोकांनी शेतं कसली, पोरं शाळेत गेली. १९९७ मध्ये पुन्हा युद्धबंदी झाली तेव्हा शांतता कशी असते हे आठवणारी माणसं त्या डोंगरांत होती. २००८ पासून नागा चर्चच्या लोकांनी सगळ्या भूमिगत गटांना एकमेकांशी समेट करायला बसवलं आणि २००९ मध्ये त्यांच्या नेत्यांनी समेटाच्या करारावर सह्या केल्या. नागा माणसाच्या हातून नागा माणूस मरायचा थांबावा म्हणून.

वर्दीच्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर हे भाषण एकतर्फी होईल. ४ डिसेंबर २०२१ ला मोन जिल्ह्यातल्या ओटिंगजवळ खाणीतून घरी परतणारे सहा मजूर फौजेच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतरच्या उद्रेकात आणखी माणसं गेली, एक जवानही गेला. फौजेने खेद व्यक्त केला. पण मेलेल्या माणसाच्या आईला खेदपत्र पुरत नाही. कोन्याक समाजाने न्याय मागितला, विशेषाधिकाराचा कायदा रद्द करा म्हणून मागणी केली. फौजी म्हणून मला ते ऐकायला जड जातं, पण ख्रिस्ती म्हणून मी एवढं जाणतो की फिर्याद करायचा हक्क त्यांनाही आहे. आपल्याच बाजूने रक्त सांडलं तेव्हा 'क्षमा करा' म्हणून समोरच्याला सांगणं सगळ्यात सोपं असतं. ते आपण सांगायचं नसतं.

मिझोरमची गोष्ट मात्र आनंदाने सांगावी अशी आहे. १९५९ मध्ये बांबू फुलला, उंदीर वाढले, दुष्काळ पडला. दुष्काळ निवारणासाठी निघालेल्या संघटनेतून मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. १ मार्च १९६६ ला त्यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. काही दिवसांत ऐजॉलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले. मग गावंच्या गावं उठवून रस्त्यालगत वसवली. वीस वर्षं हे चाललं. या वीस वर्षांत चर्चने बंडखोरांच्या बंदुकीला आशीर्वाद दिला नाही आणि सरकारच्या जुलमाकडे डोळेझाकही केली नाही. दोन्हीकडे बोलणं चालू ठेवलं. अखेर ३० जून १९८६ ला करार झाला. लालडेंगांच्या समोर भारत सरकारतर्फे सही केली ती राम प्रधान यांनी. आपले मराठी अधिकारी, केंद्रीय गृहसचिव. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. मुख्यमंत्री लाल थनहॉला यांनी स्वतःची खुर्ची लालडेंगांसाठी सोडली आणि आपण उपमुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९८७ ला मिझोरम राज्य झालं. करार टिकला. कालचा बंडखोर मुख्यमंत्री झाला आणि निवडणुकीत हरला तेव्हा घरी गेला, जंगलात नाही.

एवढं सगळं चांगलं सांगितल्यावर आता कडू गोष्ट. ख्रिस्ती असणं हे हिंसेवर औषध आहे, असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. १९९० च्या दशकात मणिपूरच्या डोंगरांत नागा आणि कुकी एकमेकांची गावं जाळत होते. दोन्हीकडे बायबल, दोन्हीकडे चर्च. १९९४ मध्ये रवांडात लाखो माणसं मारली गेली, तो देशही बहुसंख्य ख्रिस्ती होता, आणि आसऱ्याला आलेल्या माणसांच्या कत्तली चर्चच्या आवारांत झाल्या. जातीचं, टोळीचं रक्त बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा दाट निघालं. मराठी ख्रिस्ती समाजाने याकडे परक्याचं दुखणं म्हणून पाहू नये. आपल्या दफनभूमीतही जातीच्या रेघा कुठे कुठे अजून दिसतात.

३ मे २०२३ ला मणिपूर पेटलं. कुकी-झो आणि मैतेई. शेकडो चर्च जळली, त्यात मैतेई ख्रिस्ती लोकांचीही होती, कारण त्यांना दोन्हीकडून संशयाने पाहिलं गेलं. देवळंही फुटली. त्यानंतर मणिपूरची बरीच मुलं आमच्या भागात आली. त्यांतला एक कुकी मुलगा, बोम्मसंद्रला कामाला, एका रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आला. त्याचं गाव उरलं नव्हतं. मोठा भाऊ गावरक्षकांत बंदूक घेऊन बसला होता आणि यालाही बोलावत होता. तो म्हणाला, "अंकल, तुम्ही फौजेत होता. सांगा, मी जाऊ का?"

मी त्याला क्षमेवर प्रवचन दिलं नाही. घर जळून वर्ष व्हायच्या आत कुणी कुणाला क्षमा शिकवू नये. मी त्याला विचारलं, "तू गेलास तर नेमकं काय करशील? गावात कोण उरलंय, ज्याचं रक्षण करायचंय?" तो म्हणाला, गावात कुणीच नाही. आई छावणीत. मग मी म्हटलं, "मग तू रक्षणाला जात नाहीयेस. तू हिशोब चुकता करायला जातोयस. मी सैनिक आहे, मला या दोन्हींतला फरक कळतो." तो बराच वेळ गप्प होता. मग आम्ही कामाला लागलो. जळालेल्या घराची तक्रार नोंदवली आहे का? नव्हती. दुसऱ्या जिल्ह्यात दिलेली तक्रारही पोलिसांना नोंदवून मूळ ठाण्याकडे पाठवावी लागते, हे त्याला माहीत नव्हतं. जमिनीचे कागद, आधार, जुने फोटो, जे मिळालं ते जमवलं आणि छावणीतून आईच्या नावाने अर्ज गेला. आईला इकडे आणायचं ठरलं. त्याच्या कारखान्यात एक मैतेई मुलगा आहे. त्याच्याशी तो आता बोलतो का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. काही गोष्टींना वेळ द्यावा लागतो.

येशूने बारा शिष्य निवडले, त्यात शिमोन नावाचा एक जिलोत होता, म्हणजे रोमन सत्ता उलथायला निघालेल्या गटातला. आणि मत्तय होता, त्याच रोमन सत्तेसाठी कर गोळा करणारा जकातदार. बंडखोर आणि सरकारी माणूस एकाच ताटाशी बसवले. पहिल्या दिवशी ते एकमेकांशी हसून बोलले असतील, असं मला वाटत नाही. पण ताट एकच होतं.

शेवटी, तुम्ही आणि मी काय करायचं? आपण कुणी जयप्रकाश किंवा राम प्रधान नाही. तरी चार गोष्टी आपल्या हातात आहेत. स्फोटाची, दंगलीची बातमी आली की पहिले दोन दिवस कुणाच्या जातीधर्माचं नाव घेऊन काही पुढे पाठवू नका. आपल्या मंडळीत त्या दिवशी फक्त आपल्या माणसांसाठी नाही, ज्यांच्यावर संशय घेतला जाईल त्या शेजाऱ्यांसाठीही नाव घेऊन प्रार्थना करा, आणि जमलं तर त्यांच्या दारात जाऊन या. गुन्हा घडला असेल तर पीडिताला घेऊन पोलीस ठाण्यात जा, वकील शोधा, साक्ष द्यायला घाबरू नका. आणि तुमच्या गावात दुसऱ्या प्रांतातून आलेली मुलं असतील तर त्यांना नाताळलाच नाही, एरवीही जेवायला बोलवा. एकटा, रागावलेला, फोनवर नुसती जाळपोळ पाहणारा तरुण कुणाच्याही हाती लागतो.

आमच्या पलटणीत मराठा जवान होते. गणपती बसायचा, मीही आरतीला उभा असायचो, अधिकाऱ्याने आपल्या जवानांच्या देवापुढे उभं राहायचं ही फौजेची रीत आहे. नाताळला तेच जवान माझ्यासाठी खोलीबाहेर तारा टांगायचे. त्यात कुणाचा धर्म बुडाला नाही. एकमेकांसाठी मरायला तयार असलेल्या माणसांना एकमेकांसोबत जगणं अवघड जात नाही. बाकीच्या देशालाही ते अवघड जाऊ नये.